बेटावरची शेवंती

मॅडम,

तुमचं कपाट काल रिकामं केलं. यंदा पहिल्या वर्षाला एकानंही वनस्पतीशास्त्र घेतलं नाही, म्हणून विभाग बंद झाला, आणि खोली संगणकवाल्यांना पाहिजे होती. तुम्ही हयातभर वाळवून, दाबून, जाड कागदावर टाचून ठेवलेली झाडं त्या कपाटात होती. मी विद्यापीठात फोन केला, तर जागा नाही म्हणाले. शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, किडीनं खाल्लंय समदं, कावून जीव जाळता?" मला आता सगळे मॅडमच म्हणतात, तासिका तत्त्वावर असले तरी. त्या हाकेला मी अजून मागं वळून बघते, तुम्ही आलात की काय म्हणून. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही खोड जात नाही.

कपाटातल्या एका गठ्ठ्यात तुमची डेझी सापडली. पुण्याच्या एका रोपवाटिकेतून तुम्ही ती फांदी आणली होती. मूळची ती आफ्रिकेच्या पश्चिमेला, समुद्रातल्या बेटांवरची. तुम्ही कोकणातल्या, समुद्र बघत वाढलेल्या. मी शिरूर कासारकडची, विहिरीला पाणी दिसलं तरी लई झालं म्हणणाऱ्यांतली. वर्गात तो कागद हातात धरून तुम्ही सांगत आहात की हिचा पूर्वज कधीतरी त्या बेटांवर येऊन पडला आणि त्या एकापासून कितीतरी जाती झाल्या. ओल्या रानातल्यांची पानं रुंद, कोरड्या किनाऱ्यावरच्यांची दोऱ्यासारखी बारीक. आणि मी उठून विचारते, "मॅडम, एका बेटाला इतके फुटवे? मग पाणी कोण देतंय त्याला?" अख्खा वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "आगं येडे, बेट म्हंजी समुद्रातलं." मला काय माहीत? आमच्याकडं उसाच्या एका बुडातून जो झुपका फुटतो त्याला बेट म्हणतात. ऊसतोडीच्या हंगामात आईबापाबरोबर फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहून मी तसली बेटंच बघितली होती.

तुम्ही हसला नाहीत. माझ्या हातात खडू दिलात आणि फळ्यावर उसाचं बेट काढायला लावलंत. "सगळे फुटवे सारखेच असतात का गं?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "न्हाई मॅडम. कडंचे ऊन खात्यात, जाड व्हत्यात. मधले किडकिडे राहत्यात. बूड एकच." तुम्ही वर्गाकडं वळून म्हणालात, "हेच. पुस्तकाला एवढं सांगायला दोन पानं लागलीत." मग अगदी सहज, स्वतःला माहीत नाही म्हणून विचारावं तसं विचारलंत, "आणि असं बेट मरतं कधी?" मी म्हणाले, "आपसूक मरत न्हाई, मॅडम. तोडलं की त्याच बुडातनं परत फुटतंय, खोडवा येतोय. नांगरूनच काढावं लागतंय." त्या दिवशी खाली बसता बसता मी ठरवून टाकलं की आपण झाडांचंच शिकायचं.

तुमची बोलणी त्याच डेझीवरून खाल्ली. आधी तिला शेवंतीच्या वंशात धरत, क्रिसँथेमम म्हणत, म्हणजे सोन्याचं फूल. पुढं ती वेगळी काढली, कारण खोड लाकडी आणि कडेच्या बियांना पातळ पंख. नवं नाव आर्जिरँथेमम, म्हणजे चांदीचं फूल. "सोन्यावरून चांदीवर आली बिचारी," तुम्ही म्हणायचात. मी आपली शहाणी, चिठ्ठीवरचं जुनं नाव चुकीचं म्हणून ब्लेडनं खरवडायला बसले. तुम्ही हात धरलात. इतका घट्ट की बांगडी रुतली. "जुनं नाव खोडायचं नसतं. ज्यानं ठेवलं त्यानंही फूल बघूनच ठेवलं होतं. शेजारी नवी चिठ्ठी चिकटवायची, खाली आपलं नाव घालायचं, आणि गप बसायचं. उद्या तुझंही चुकेल." त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत तुम्ही स्वतःच्या डब्यातली आंबोळी मला दिलीत. मी पहिल्यांदाच खात होते, आणि राग आला असूनही ती मला आवडली.

काल कागद उघडला तर फुलाचा भुगा झाला होता. देठाचा एक तुकडा आणि त्या दोन चिठ्ठ्या, बाकी काही नाही. बाहेर रद्दीवाल्याचा टेम्पो उभा होता. आधी वाटलं भांडावं, मग वाटलं कुणाशी भांडायचं आणि कशासाठी. मला रडूही आलं नाही, मॅडम, याचंच जास्त वाईट वाटलं. तुम्ही सांगितलंत तशी मी अख्खी उमर झाडांची नावं पाठ केली, पोरांकडून करून घेतली, आणि आता ती सांगायला समोर कुणी नाही. तेवढा एक कागद पिशवीत घालून आणला. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, फूल होतं त्या जागी घडी करून ठेवून देईन.

एकच सांगायचं राहिलं. मी सगळ्यांना म्हणते की पोरं येईनात, विभाग आपसूक बंद पडला. तसं नाही. जूनमध्ये नांदूरघाटची एक पोरगी आली होती. एकटीच. तिला हाच विषय पाहिजे होता. माझ्यासमोर बसून म्हणाली, "मला झाडांचं लई आवडतंय." मी तिला खुर्चीत नीट बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "नको घेऊ बाळा. माझं काय झालंय ते बघतीस ना? नर्सिंगला जा." चुकलं का माझं, मला खरंच कळत नाही. तिनं ऐकलं. उठता उठता मात्र दारात थांबली आणि म्हणाली, "मग तुमी कावून घेतलं व्हतं, मॅडम?"

माझ्या डोळ्यांपुढं फळा आला, त्यावरचं माझं वेडंवाकडं बेट आलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या तुम्ही.

मी म्हणाले, "आता आठवत न्हाई."