संपदाच्या वाट्याचं पाणी

हिगाशी-कसाई, मार्च २०११

प्रिय ताई,

भूकंपानंतरही विद्या आणि मी सुखरूप आहोत. धक्के अजून बसतात, पण आमची तान्ही संपदा शांत झोपते.

अणुभट्टी फुटल्यापासून नळाच्या पाण्यात किरणोत्सर्ग उतरलाय, म्हणून इथे बाळांना ते देऊ नका म्हणतात. शेजारच्या होशिनो-आजींनी रांगेत उभं राहून तिच्यासाठी पाण्याची बाटली आणली. मी घरी बिअर करायला जवाचा काढा उकळत होतो. उकळून तो फार आटला, दाट झाला. तो पातळ करायला नळाचं पाणी घालायची मलाच भीती वाटली, म्हणून संपदाची बाटली त्यात ओतली.

विद्या बाळाचं पावडरीचं दूध करायला आली. "संपदाचं पाणी कुठंय?"

मी रिकामी बाटली पुढे केली.

शेवटी आजींना खरं सांगितलं. त्या आत गेल्या आणि स्वतःसाठी ठेवलेली बाटली घेऊन आल्या. "बाळाला द्या," एवढंच म्हणाल्या. माझी मान वर होईना.

आईची कंबर कशी आहे? तिला यातलं सांगू नकोस.

तुझा,
उल्हास