झाडाखाली लावलेली कॅम्परव्हॅन

प्रिय ग्वेनलियन,

थोरल्या भावाचा सप्रेम आशीर्वाद. तुझी वहिनी मेरेरिड सुखरूप आहे, हे आधी सांगतो. पुढचे निश्चिंतपणे वाच.

काल दुपारी कॅम्परव्हॅनमधले दिवे, पंप, फ्रीज, सारे बंद पडले. इंजिन मात्र तत्काळ सुरू झाले. त्यावरून बॅटरी शाबूत आहे, असा निष्कर्ष मी काढला. तो चुकला. इंजिनाची बॅटरी वेगळी, घरगुती उपकरणांची वेगळी. ही दुसरी पार उतरली होती, आणि मेरेरिडचे झोपेतले श्वासयंत्र तिच्यावरच चालते.

कारण तिनेच शोधले. "इतके दिवस झाडाखाली गाडी लावलीयस! छपरावरच्या सोलर पॅनेलला ऊन काय पोस्टाने येणार?"

"सावली तूच मागितलीस."

"माझ्यासाठी रे, पॅनेलसाठी नाही!"

सुदैवाने संध्याकाळी कॅम्पिंगच्या तळावर विजेची जोडणी असलेली एक जागा रिकामी झाली. गाडी तिथे नेली. यंत्र रात्रभर अखंड चालले.

तुझा गुडघा कसा आहे? जिने टाळतेस ना?

सकाळी मेरेरिड टवटवीत उठली आणि माझे डोळे लाल का, असे तिने विचारले. यंत्राच्या आवाजाने झोप लागली नाही, असे मी सांगितले. तो आवाज थांबला तर लगेच कळावे म्हणून मी जागा होतो, हे तिला कळवू नकोस.

तुझा,
योरवर्थ