काढून टाकलेल्या दोन ओळी

प्रिय आकाराममामा,

फोन सोडून ही भाची कागद कशाला लिहीत बसली, असं म्हणाल. पूजावहिनीकडून वाचून घेताय ना? वहिनी, सावकाश वाचा, एकही ओळ गाळू नका.

सांगलीत मी बरी आहे. काम तेच, आपल्या मेंढरांच्या ॲपचं. धरणातून नदीत पाणी सोडायच्या आधी फोन वाजावा आणि पात्रात चरणारी मेंढरं वेळेत वर काढता यावीत, एवढंच ते करतं. म्हसवडला देवळाच्या आवारात ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तुम्ही पटका सारखा करत सगळ्यांना सांगत होता, आमच्या भाचीनं केलंय, टाका रं समद्यांनी! अजून कानात आहे ते.

त्या दिवसाचं एक तुम्हाला माहीत नाही. ॲप उघडलं की ते आधी फोन तपासायचं, आणि आतली प्रणाली जुनी असली तर दोन ओळी दिसायच्या. 'हा फोन या ॲपसाठी जुना आहे. पाण्याचा इशारा वाजेलच असं नाही.' मीच लिहिल्या होत्या. पण आपल्याकडं नवा फोन असतो कुणाकडं? पोरगं पलटणीतून सुट्टीवर येतं, स्वतःला नवा घेतं, जुना बापाच्या हातात देतं. जयराजदादानं तुम्हाला दिला तसाच. विसातल्या चौदा फोनवर त्या ओळी आल्या. माणसं हसत उठायला लागली, आमच्या ऑफिसातले साहेब माझ्याकडं बघायला लागले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी मी त्या काढून टाकल्या. म्हातारी माणसं उगाच बिचकतात, असं साहेबांना सांगितलं. खरं तर मला माझी वाहवा सोडवत नव्हती. तुमचा फोन त्या दिवशी घरी राहिला होता. दुसऱ्या दिवशी मीच त्यात ॲप टाकून दिलं, चहा पिता पिता.

मग श्रावणातला तो सोमवार. भर दुपारी पाणी आलं आणि फोन तुमच्या खिशात गप्प. अकरा मेंढ्या गेल्या, मामींची लाडकी काबरी त्यातच. मी धावत आले तर तुम्ही फोन पुढं धरून विचारलंत, पोरी, म्या काय चुकीचं दाबलं गं? आणि मी तुमच्याकडं न बघता म्हणाले, आवाज बंद राहिला असेल. मामा, लय लाज वाटते हो. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

परवा वहिनींनी सांगितलं, तुम्ही पारावर बसायचं सोडलंय. आकारामला फोनचा आवाज सुदिक कळंना म्हणून लोक हसतात, तुम्ही मान खाली घालून व्हय म्हणता, आणि मामींनी अबोला धरलाय.

त्या ओळी मी काल परत घातल्या. आता ॲप त्या मोठ्यानं वाचूनही दाखवतं. साहेबांनाही सगळं सांगितलं, नोकरीचं काय व्हायचं ते होईल. तुम्हाला फोनवर सांगितलं असतं तर भाचीची अब्रू झाकायला तुम्ही ते पोटातच ठेवलं असतं, ओळखते मी तुम्हाला. म्हणून कागद. वहिनी, हा आता पारावर न्या. मामा-मामींना पुढं बसवा आणि पहिल्यापासून मोठ्यानं वाचा. जुना फोन असलेल्यांनी ॲपच्या भरवशावर मेंढरं पात्रात घालू नयेत, हेही सांगा. मामा, तुमचं बोट कुठंच चुकलं नव्हतं. फोन हातात घेतला तेव्हाच मी बघितलं होतं. आवाज चालू होता.

तुमचीच,
स्वप्नाली