भरारी क्लबचे दोनशे मुके मालक

भिवंडी,
सोमवार

ति. रवींद्रमामांस,

निशाचा सविनय जयभीम. आम्ही सगळे इकडे मजेत आहोत, म्हणजे आईचे गुडघे सोडून बाकी सगळे. तुमचा खोकला कसा आहे? सरूमामीची कंबर? दिघाशीला आता चांगलीच थंडी पडली असेल, तेव्हा कानाला मफलर बांधत जा. (ऐकू तसंही येत नाही, त्यामुळे मफलरने नुकसान काही नाही.) मी एकदम तुम्हाला 'तुम्ही' म्हणतेय म्हणून दचकू नका. एरवी मी अरेतुरे करते हे खरं, पण हे पत्र मी संस्थेची चिटणीस म्हणून लिहितेय आणि चिटणिसाने सगळ्यांना अहोजाहो करायचं, असं आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे देवूकाकांनी, बजावलंय. खरं तर फोनच करणार होते, पण मागचे सगळे फोन तुम्ही "ऐकू येत न्हाय, ठेव" म्हणून ठेवून दिलेत. जन्मभर लूमच्या खटखटाटात फिटरचं काम केलेल्या माणसाला खरंच ऐकू येत नाही की तो रुसलाय, हे फोनवरून कळायला मार्ग नाही. कागदाला मात्र असं उत्तर देता येत नाही, म्हणून गोडाऊनच्या ड्युटीवर, बिलांच्या गठ्ठ्याआड बसून हे लिहितेय.

पत्रास कारण म्हणाल तर विशेष काहीच नाही. तुम्ही गेल्यापासून क्लबचं कसं काय चाललंय ते कळवावं, एवढाच हेतू. तुम्ही परत यावं असं माझं मुळीच म्हणणं नाही.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी सुरुवातीपासून सांगते, कारण रागात असलेल्या माणसाला जेवढं रागाला उपयोगी तेवढंच आठवतं. शेठनी भरारी फुटबॉल क्लब विकायला काढला तो काही तोट्यात होता म्हणून नव्हे (फायद्यात तो कधीच नव्हता). त्यांच्या मुलाला फुटबॉलचा कंटाळा आला आणि त्याला बॉक्स क्रिकेट काढायचं होतं. कल्याणचा कोणी बिल्डर क्लबचं लीगमधलं नाव विकत घेणार आणि टीम उचलून तिकडे नेणार, असं कानावर आलं आणि आपण सगळे विहाराच्या हॉलात जमलो. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने कोण बोललं होतं? तुम्ही. "टीम आपली हाय ना? मंग इकत पन आपनच घ्यायची!" ही कल्पना तुमची. देवूकाका आता ती स्वतःची म्हणून सांगतात, पण मी विसरलेले नाही. मग सहकारी संस्था काढायचं ठरलं. एका माणसाला एकच शेअर आणि एकच मत. लूमवाले, गोडाऊनवाले, रिक्षावाले, मैदानाबाहेरचा चहावाला, झाडून सगळे मालक झाले, दोनशेच्या वर. ताब्यात काय आलं ते आठवतंय ना? अकरा जर्सी, दोन गोलपोस्ट आणि दीड जाळी, चुन्याची बादली, एक शिट्टी (ती रेफ्रीची असावी, चुकून आपल्याकडे राहिलेली) आणि गोलच्या मागची ती निळी प्लास्टिकची खुर्ची, डावा हात तुटलेली, जिच्यावर तुमच्याशिवाय कोणी कधी बसलं नाही. वाटण्या करायची वेळ आली असती तर जाळीचं एकेक भोक तरी प्रत्येकाच्या वाट्याला आलं असतं.

आता संस्था म्हटली की नियमावली लागते. ती कोणाकडेच नव्हती. फुटबॉल क्लबची सहकारी संस्था आपल्यापैकी कोणाच्या बापजाद्यांनी काढली होती? तेव्हा सोनल मदतीला आली. (माझ्याबरोबर बिलिंगला असते ती, तिच्या बिल्डिंगच्या सोसायटीची खजिनदार.) तिने सोसायटीची नियमावली आणली, कॉम्प्युटरवर जिथे 'इमारत' होतं तिथे 'क्लब' घातलं, जिथे 'सदनिका' होतं तिथे 'खेळाडू' घातलं, आणि शिफ्ट संपायच्या आत छापून हातात दिली. शेठनी आठवड्याचीच मुदत दिलेली, वाचत कोण बसणार? कमिटीने सह्या ठोकल्या, वरून मंजुरीही आली. (तिकडेही कोणी वाचत बसलं नसावं.) आता त्याच नियमांनी आमचा संसार चाललाय. खेळाडूची अंतर्गत रंगरंगोटी संबंधित सभासदाने स्वखर्चाने करायची आहे. खेळाडूच्या बाहेरील बाजूस खिळा ठोकायचा झाल्यास कमिटीची लेखी परवानगी लागते. खेळाडूस गळती लागल्यास वरच्या मजल्यावरील सभासद जबाबदार राहील. तुम्ही म्हणाल, हे कोण मनावर घेतं? देवूकाका घेतात. सगळं आयुष्य शाळेत हेडक्लार्क म्हणून काढल्यामुळे छापलेलं काहीही त्यांना खरंच वाटतं. आपल्या उजव्या विंगरचं नाक वाहत होतं तेव्हा ते मैदानात वरचा मजला शोधत होते.

आणि ह्याच नियमावलीत तो बावीस नंबरचा नियम होता. तुम्हाला तो तोंडपाठ असणार. 'सभासदाने शेजाऱ्यांस उपद्रव होईल असा मोठा आवाज करू नये. केल्यास त्याचे नाव फलकावर लावण्यात येईल.' शेअर वाटायच्या सभेत देवूकाकांनी तो वाचला आणि हॉलमधली सगळी डोकी तुमच्याकडे वळली. आणि सगळे हसले. मामा, ते हसणं तुम्हाला लागलं. पहिल्या नंबरचा शेअर तुमच्या हातात द्यायचा ठरला होता, तो न घेताच तुम्ही उठलात, समोर मांडलेल्या इस्टेटीतली खुर्ची उचललीत आणि "माज्यासाठी कायदा केला काय रं? ऱ्हावा तुमचा क्लब तुमाला!" म्हणून जे निघालात ते थेट दिघाशी. मामी बिचारी दोन दिवसांनी भांडीकुंडी घेऊन तुमच्या मागे.

तर आता नीट वाचा. तो नियम तुमच्यासाठी केलेला नव्हता. तो सोनलच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका गृहस्थासाठी केलेला होता, जो पहाटे साडेपाचला मिक्सर लावतो. आणि लोक हसले ते तुमचा आवाज सगळ्यांना एकदम आठवला म्हणून. आवडत्या माणसाची आठवण आली की माणसं हसतातच. लूमच्या वरताण बोलायची सवय झालेला गळा तो. तुम्ही हळू बोललात तरी पलीकडच्या गल्लीत मांजर उठून बसायचं.

त्या नियमाचा खरा हिसका आम्हाला नंतर बसला. सभासदाने मोठा आवाज करायचा नाही, आणि सभासद तर सगळेच! पहिल्या मॅचला दोनशे मालक ओळीने मांडी घालून बसले होते, एक शब्द नाही. आपल्या गोलकीपरने, कोंडूने, पेनल्टी अडवली तेव्हा आईच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं, तर दुसऱ्या दिवशी फलकावर 'श्रीमती चंपाबाई : उपद्रव' असं खडूने लिहिलेलं. (पहिल्यांदा ती खूप चिडली. नंतर फलकाचा फोटो काढून तिने सगळ्या नातेवाइकांना पाठवला. तुमचा फोन जुना असल्यामुळे तुम्हाला मिळाला नसेल.) समोरच्या टीमचा कॅप्टन तर मध्यंतरात येऊन हळूच विचारून गेला की तुमच्यात कोणी वारलंय का, आम्ही दोन मिनिटं उभे राहू. नियम बदलायचा तर सभा हवी, सभेला नोटीस हवी, दोन तृतीयांश मतं हवीत, आणि मग वरची मंजुरी. ते सगळं केलंय. कागद वर गेलाय. खाली यायचा पत्ता नाही.

तोवर आम्ही हरतोय. सारखे हरतोय, आणि तेही अगदी शांतपणे.

शेवटी असं ठरलं की ओरडायला सभासद नसलेला माणूस शोधायचा. पण क्लबची ज्याला ज्याला काळजी तो प्रत्येक जण सभासद होऊन बसलेला! चहावाल्याचा एक मावसभाऊ आजमगढहून नुकताच आलाय, लूमवर रात्रपाळी करतो, त्याला आम्ही गोलच्या मागे उभा केला. माणूस अत्यंत सज्जन. समोरचा फॉरवर्ड मोकळा सुटला तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणतो कसा, "गोलकीपर साहब, ज़रा ध्यान दीजिए." गोल झाला तर, "कोई बात नहीं, अगली बार." कोंडूला इतकं हसू आलं की हसता हसता त्याने पुढचाही आत जाऊ दिला.

कोंडूचं सांगते. अकलोलीच्या पलीकडच्या पाड्यावरून तो रविवारी अजूनही पहिल्या एसटीने येतो. ह्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जात होता, तरी एक मॅच चुकवली नाही. पण त्याचं लक्षच नसतं. मध्येच मान वळवून मागे बघतो. मागच्या रविवारी मी त्याला विचारलंच की बाबा रे, मागे आहे काय? तर खाली बघत म्हणाला, "मामा मांगं असला का मना मांगं बघाय लागत न्हाय. आता मी सारखा मांगं बघतंय, तवर बॉल पुढून जातंय." तुम्ही पूर्ण नव्वद मिनिटं त्याचा उद्धार करायचात. "कोंड्या, जाळी मासं धराया बांधलीय काय? डाव्या अंगाला तुजी सासू उभी हाय का, तिकडं सरकत न्हाईस तो?" आम्हाला वाटायचं ह्या शिव्या आहेत. त्याला त्यातून बॉल कुठून येतोय ते कळायचं. मध्यंतर झालं की तुम्ही खुर्ची डोक्यावर घेऊन त्याच्याबरोबर ह्या गोलकडून त्या गोलकडे जायचात, आणि मॅच संपली की त्याच कोंडूला वडापाव खायला घालून एसटीत खिडकीची जागा धरून द्यायचात. जागा मिळाली नाही तर कंडक्टरला शिव्या.

येत्या रविवारी चार वाजता लीगची शेवटची मॅच आहे. हरलो तर खालच्या गटात. खालच्या गटात गेलो तर शेअर परत द्या, असं निम्म्या सभासदांनी आत्ताच सांगून ठेवलंय, आणि कल्याणच्या त्या बिल्डरने देवूकाकांना चहाला बोलावलंय. काका गेले नाहीत अजून. पण परवा त्यांनी चांगला शर्ट इस्त्रीला दिला हे मी स्वतः पाहिलं. टीम गेली, मामा, तर ती कायमची जाईल. मग रविवारी दुपारी आपण सगळ्यांनी काय करायचं? आई म्हणते, ती पहाटे साडेपाचला मिक्सर लावेल.

असो. सगळं क्षेम आहे, काळजी नसावी. मामीला नमस्कार, तिने पाठवलेले वाल मिळाले, बिरडं छान झालं. तुम्ही यावं असं माझं अजूनही म्हणणं नाही.

आपली आज्ञाधारक (पत्र घरी आणून पुरं करतेय, आणि हा शब्द वाचून आई इथे हसत बसली आहे),
निशा
चिटणीस, भरारी फुटबॉल क्लब सहकारी संस्था

ता. क. एक सांगायचं राहिलं. काल कमिटीने ठराव केला की श्री. रवींद्र यांना लीग संपेपर्यंत कोणत्याही परिस्थितीत सभासद करून घेऊ नये. एकमताने झाला. वाईट वाटून घेऊ नका. टीमसाठी ओरडण्याची मुभा असलेला एकच माणूस आता आमच्याकडे उरलाय, आणि तो दिघाशीला मफलर बांधून बसलाय. ठराव देवूकाकांनीच मांडला. शेअर त्यांनी दोन नंबरपासून वाटलेत. एक नंबरचा त्यांच्या कपाटात आहे, तुमच्या नावाचा. मी मागून बघितला तर म्हणाले, ज्याचा आहे त्याच्याच हातात देणार.

ता. क. (दुसरा) सरूमामीवर रागावू नका, तिला मीच खोदून विचारलं. ती म्हणते, रविवारी चार वाजले की तुम्ही खुर्ची बांधावर नेऊन ठेवता आणि शेजाऱ्यांच्या बैलाला 'ऑफसाइड' म्हणून ओरडता. मामा, बैलाचा ह्यात काय दोष?

ता. क. (शेवटचा आणि कार्यालयीन) निळ्या रंगाची, डावा हात तुटलेली प्लास्टिकची खुर्ची ही संस्थेची मालमत्ता असून ती आपण परवानगीविना नेलेली आहे. तरी ती येत्या रविवारी दुपारी चारच्या आत, कोंडूच्या गोलच्या मागे, जमा करावी. खाली अध्यक्षांची सही आहे, शिक्काही आहे.

इथे चिटणीस संपली. आता मी बोलते. तू ती खुर्ची एसटीच्या टपावर टाकून कंडक्टरच्या भरवशावर लावून देशील, मला ठाऊक आहे तुझा स्वभाव. मामा, खुर्ची एकटी पाठवू नकोस.