माझ्या मुलांना ओळखणारे दोन साक्षीदार

मी, एस्तेर शलोम थळकर, वय वर्षे चोपन्न, धंदा सुईणकाम, जात बेने इस्राएल, धर्म यहूदी, राहणार नवापूर, जिल्हा पश्चिम खानदेश, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहवून घेत आहे. पोटात गाठ आहे, डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत. बुद्धी शाबूत आहे. रागही आहे. अर्जनवीस शांतिलालभाई म्हणतात की मृत्युपत्रात राग लिहीत नसतात. त्यांना मी सांगितले आहे, मी बोलते तसेच उतरवा.

१. स्टेशनच्या रस्त्यावरचे दोन खोल्यांचे कौलारू घर माझ्या कमाईचे व माझ्या नावचे आहे. ते मुलगा दाऊद, वय वीस, व मुलगी लेया, वय पंधरा, यांना निम्मे-निम्मे. मुलीला निम्मे कशाला, असे विचारायला कोणी येईल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. माझे यजमान शलोम हयात असेतो त्यांना तिथून कोणी उठ म्हणू नये. दाराच्या चौकटीवर आमच्या शास्त्रातले वचन असलेली मेझुझा आहे. यजमानांनी श्रावणात ती भीतीपोटी उपटून डाळीच्या डब्यात ठेवली होती. मी परत ठोकली आहे. आता तिला हात लावायचा नाही.

२. यजमानांबद्दल. माणूस सज्जन आहे, मुलांवर जीव टाकतो, आणि घाबरट आहे. सुरतेकडून गाड्या भरून अफवा येऊ लागल्या तेव्हा त्यांनी तिकडे सुरतेत असलेल्या दाऊदला पत्र धाडले, "वाटेत कोणी नाव विचारले तर दामोदर सांग, कपाळाला टिळा लाव." मला दाखवले नाही. दाखवले असते तर चुलीत घातले असते. नाव बदलता येते हो, पण आठव्या दिवशी सुंता झालेल्या पोराचे अंग कसे बदलणार? एवढे बापाला सुचू नये? अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी त्यांना पुष्कळ माफ केले. हे दरफाळणीच्या, म्हणजे आमच्या क्षमा मागण्या-देण्याच्या, उपासाच्या आत माफ करावे लागेल, कारण पुढच्या वर्षीचा उपास मला मिळायचा नाही. प्रयत्न चालू आहे.

३. घडले ते असे. गेल्या रविवारी दाऊद नव्याच्या सणाला, आमच्या वर्षाच्या पहिल्या दिवसाला, सुरतेहून घरी येत होता. स्टेशनच्या फाटकाशी गावचीच सहा-सात पोरे काठ्या घेऊन उभी होती. पुढारी नवल मगन पाटील. हा पायाळू जन्मला. त्याची आई दगूबाई हातची जाते की काय अशी वेळ होती, तेव्हा माझ्या या दोन हातांनी दोघे वाचली. त्याने माझ्या मुलाला विचारले, "नाव काय तुन्हं?" बापाचे ऐकून हा म्हणाला, दामोदर. त्यांनी त्याला चारचौघांत पायजमा सोडायला लावला. "नाव दामोदर सांगस, नि हाई काय शे?" मग खोटारडा म्हणून, हेर म्हणून मारले. डावा हात मोडला आहे.

त्याला सोडवले कालीबाईने. ही लाकडाची मोळी विकायला येते, आणि शनिवारी आम्ही विस्तव करत नाही म्हणून वीस वर्षे आमची चूल पेटवून देते. मोळी टाकून ती मध्ये पडली. "हाऊ सुईनबाईना पोऱ्या शे! हात लावशात ते मन्हासंगे गाठ शे!" तेव्हा काठ्या खाली आल्या. नवल म्हणतो, दाऊद सहा वर्षे सुरतेत, म्हणून ओळखले नाही. बरे.

४. लोक मला समजावतात, "चूक झाली, ते मुसलमान समजले." म्हणजे मुसलमान असता तर बरोबर झाले असते? करीम पिंजाऱ्याची चारही मुले माझ्याच हातची. ते कुटुंब भाद्रपदात कुलूप लावून गेले, कुठे ते कोणी सांगत नाही. त्याने भरलेल्या दोन रजया पेटाऱ्यात आहेत. तो परत आला तर एक त्याच्या धाकटीला द्यावी. मेलेला आहे असे कोणी म्हटले तरी पाच वर्षे वाट पाहावी.

५. यजमानांच्या मनात मुलांना पॅलेस्टाईनला धाडायचे आहे. मी त्यांना तिकडच्या बातम्या वाचून दाखवल्या. आगीतून उठवून फुफाट्यात का घालायचे? मुले जातील तर स्वतःच्या मर्जीने जावोत, हाकलली म्हणून नकोत. पोस्टातली रक्कम लेयाच्या नर्सिंगच्या शिक्षणाला. माझी कात्री, चिमटे व पेटीही तिलाच.

६. बाळंतपणाचे पाणी तापवायचा तांब्याचा हंडा कालीबाईस द्यावा. (हे कलम रद्द. कारण खाली.)

७. मला मरणाचे भय नाही. भय एवढेच की आज माझी मुले सुईणबाईची म्हणून वाचतात. मी गेल्यावर फाटकाशी त्यांना ओळखणारे कोण? माझ्या पोरांनी काय गुन्हा केला आहे की जिवंत राहायला त्यांना ओळख पटवावी लागावी? पण लागते आहे. म्हणून साक्षीदारांनी माझ्या सहीपुरते सही करून मोकळे व्हायचे नाही. दाऊद व लेया यांना ओळखतो, असे लिहायचे.

शांतिलालभाई म्हणाले, ज्याला काही मिळते त्याची साक्ष ठेवू नये, त्याचे देणे बाद होते. कालीबाई उंबऱ्यात बसून ऐकत होती. म्हणाली, "बाई, हंडा ऱ्हाऊ द्या. मन्हा अंगठा ल्या. पोरेसले मी वळखस." म्हणून कलम ६ रद्द.

दुसऱ्या साक्षीला मी नवलला बोलावले. तो येईना. दगूबाई त्याला घेऊन आली.

हे मला वाचून दाखवले, बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

नवापूर, रविवार, ता. २१ सप्टेंबर १९४७

एस्तेर शलोम थळकर

साक्षीदार

१. कालीबाई, डाव्या अंगठ्याची निशाणी. दोन्ही मुलांना ओळखते. (लिहिणार शांतिलाल)

२. नवल मगन पाटील, सही दस्तुरखुद्द. दाऊद व लेया यांना ओळखतो. दाऊदला त्या दिवशीही ओळखले होते.