औंधच्या चढावरचा कार्बुरेटर

शुक्रवार, ४ जानेवारी १९४६

पॅसेंजरची गाडी बंद पडली! त्याच चढाला, त्याच बाभळीखाली. देवीला निघालेल्या राहीबाई खाली उतरल्या आणि त्यांनी गाडीलाच हात जोडले — "आई यमाई, हिला तरी पाव गं!"

चढाला कार्बुरेटर तापतो, पेट्रोल सांडतो, इंजिन गुदमरतं. मग त्यावर ओलं फडकं टाकायचं आणि गाडीला दम खाऊ द्यायचा. फडक्याला पाणी हवं. पाणी मिळतं कोंडीबा हवालदारांच्या घरी. आणि कळशी घेऊन बाहेर येते त्यांची लेक हरणा.

आज म्हणाली, "आलासा? आमी म्हटलं, आज थेट औंध गाठलं का काय!" आणि हसली. मी काय म्हणालो? "पाणी." बास! एरवी सातारा स्टँडवर माझं तोंड बंद होत नाही, आणि तिच्यापुढं मिठाची गुळणी.

मंगळवार, ८ जानेवारी

दादासो मालक सकाळीच तापले. "अर्जुना, पेट्रोल रेशनवर मिळतंय रं, आन तुजी गाडी ते रस्त्याला पाजती! बदल त्यो कार्बुरेटर." पुढ्यात खाकी चिंधीत गुंडाळलेला दुसरा ठेवला. मिलिटरी ट्रकचा, तेल लावून ठेवलेला, लखलखीत. कुठनं आणला विचारलं. "दिला एका भल्या माणसानं. तू बसीव."

मी म्हटलं, "मालक, आपला कंपनीचा हाय, मूळचा. त्यो काढला तर गाडीचं इमान जाईल." गाडीचं इमान! मला आतून हसू फुटत होतं.

खरं लिहू? गाडी थांबली नाही तर हरणा दिसायची कशी! उद्या बसवतो म्हणून वेळ मारून नेली.

शुक्रवार, ११ जानेवारी

पडली! हरणाच्या वेणीत शेवंती होती.

मंगळवार, १५ जानेवारी

कालची संक्रांत. आज गाडी बंद पडल्यावर हरणानं सगळ्या पॅसेंजरना तिळगूळ वाटला. माझ्यापाशी शेवटी आली. "घ्या. गोड ऱ्हाऊ द्या, नुस्तं बोला तरी!" राहीबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. माझे कान तापले, कार्बुरेटर परवडला.

पण गोडी तेवढ्यापुरतीच. हवालदार कट्ट्यावर बसले होते. लढाईत मिलिटरीच्या मोटारी हाकलेला माणूस. म्हणाले, "डायवर, गाडी दुरुस्त का करीना तुमी? आमच्या पलटणीत असली गाडी ठिवणाऱ्याला साहेब उनात उभा करायचा." आणि मग माझ्याकडं न बघताच, "हरणाला बघायला कराडकडची माणसं यायचीत. पोरगा काय करतो ते नंतर. हातातली वस्तू नीट ठिवतो का, ते आमी आदी बघणार."

मेलो! ज्या कार्बुरेटरच्या जिवावर उड्या मारत होतो, तोच माझ्या मुळावर आला.

बुधवार, १६ जानेवारी

काढला एकदाचा! नव्याचं बूड बसेना. कानशीनं घासलं, मधलं वायसर जाड पुठ्ठ्याचं कापलं. हँडल मारलं — पहिल्याच दणक्यात चालू! काय आवाज! मालकांनी अंगणातच नाचायचं तेवढं बाकी ठेवलं.

जुना घरी आणला. आईनं भंगारात टाकू दिला नाही. "खंडेनवमीला ह्याला हळदकुकू वाहिलंय मी. आता फेकतोस व्हय?" देवाच्या कोनाड्यात नेऊन ठेवला. मी त्याच्या पाया पडलो. उपकार होतेच की त्याचे.

शुक्रवार, १८ जानेवारी

गाडी लावली आणि थेट वही काढली. लिहितोच.

यमाईच्या यात्रेची गर्दी, गाडी खच्चून भरलेली. चढ आला. आणि चढली! न खोकता, न गुदमरता. राहीबाई ओरडल्या, "पावली गं बाई, पावली!" हरणा दारात कळशी घेऊन उभी. बाभूळ मागं गेली, घर मागं गेलं. हरणानं कळशी खाली ठेवली, ते मला आरशात दिसलं.

ब्रेक दाबला! धडधाकट गाडी, स्वतःच्या पायानं थांबवली. चाकाला दगड लावला आणि पळत मागं गेलो. पॅसेंजर बोंबलतायत — "आरं, आता काय मोडलं?"

"पाणी?" हरणानं विचारलं.

"पाणी नको," म्हणालो. आणि पुढचंही बोललो. काय ते लिहीत नाही. पण बोललो! ती खाली बघून कळशीच्या काठावर बोट फिरवत राहिली, नाही म्हणाली नाही.

हवालदार उठले. तडक गाडीकडं गेले, बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं. कितीतरी वेळ. "वायसर कशाचं?"

"पुठ्ठ्याचं."

"चालंल. रविवारी आईला घिऊन ये. कराडकरांना सांगतो, मोटार भरली म्हणून."

रविवार, २० जानेवारी

सुपारी फुटली! निघताना हरणा हळूच म्हणाली, "नवा कार्बुरेटर बाच्या ट्रंकेतला हाय. मीच त्यांच्या मागं लागून तुमच्या मालकाकडं धाडला. गाडी बंद पडत ऱ्हायली असती तर तुमी जलमभर पाणीच मागत बसला असता."