तार कुठं अडकली

माय,

तुला वाचता येत नव्हतं. घरी आलेली पत्रं मीच तुला चुलीपुढं बसून वाचून दाखवायची, आणि लिहिणाऱ्यानं जे लिहिलेलं नसायचं तेच तू मला विचारायचीस. आता मी लिहितेय आणि तुला वाचून दाखवायला कुणी नाही. तरी लिहिते, कारण गेले काही दिवस मला चैन पडत नाही. परभणीत आमच्या घराजवळ छोटी बाग आहे. नोकरीतून सुटलेले आम्ही काहीजण संध्याकाळी तिथं बसतो. निवडणूक जवळ आली की रोज तेच बोलणं: कोण कोणत्या पक्षातून कुठं गेला, कुणी किती खाल्लं. शेवटी कुणीतरी हात झटकतं, "सगळे सारखेच," म्हणतं, आणि माना हलवत सगळे उठतात. मीही उठते. पण घरी येऊन पीठ मळायला घेतलं की तू एकदा आबांना जे बोलली होतीस ते कानात येतं. "सगळे सारखे म्हणलं की इचारायचं काम वाचतं. म्हणून म्हणायलेत लोक."

आपलं गाव येलदरीच्या धरणापासून फार लांब नव्हतं. धरणावर वीज तयार व्हायची आणि मोठाल्या तारांतून आपल्या वावरांवरून पुढं निघून जायची. गावात मात्र रॉकेलच्या चिमण्या. मग एका निवडणुकीआधी लाईटचं काम घेतलेल्या गुत्तेदाराची माणसं आली आणि गावात, खालच्या वस्तीत खांब रोवून गेली. नुसते खांब. मतदान झालं, गुलाल उडाला, खांब उघडेच राहिले. पोरं त्यांना शिवून पकडापकडी खेळायची. तू आपल्या दारापुढच्या दोन खांबांना जाड दोर बांधलास आणि त्यावर गोधड्या वाळत घालायला लागलीस. आबा म्हणाले, "सरकारी खांब हाय तो." तू म्हणालीस, "मग सरकारला म्हणावं, तार बांध. मी दोर सोडते."

पुढची निवडणूक आली त्या वर्षी मी डी.एड. होऊन घरी बसले होते. तालुक्याचे पुढारी आपल्याकडं जेवायला येणार म्हणून आबांनी दोन दिवस आधी अंगण सारवून घेतलं. तू धपाटे केलेस, लसणाची चटणी केलीस, कवडीदार घट्ट दही काढलंस. पाटावर बसल्या बसल्या साहेब आबांना म्हणाले, "पोरीची फिकीर सोडा. जिल्हा परिषदेत तिचं काम झालंच म्हणून समजा." आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दाराआड उभी होते आणि मनातल्या मनात वर्गात जाऊन हजेरी घ्यायला लागले होते. तेवढ्यात तू वाढता वाढता विचारलंस, "अन् तार, साहेब?"

ते हसले. "निघालीय तार, माय. वाटंत हाय."

"चालत यायलीय का?" तू म्हणालीस, आणि त्यांच्या ताटात आणखी एक धपाटं टाकलंस. आबांनी तुझ्याकडं जे पाहिलं, ते मला अजून दिसतं.

नामांतराचे दिवस होते ते. विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणून वस्तीतली माणसं मोर्च्याला जात होती, आणि गावातल्या बऱ्याच जणांना ते खपत नव्हतं. आसपासच्या गावांत वस्त्या जळाल्या होत्या. आपल्याकडं जाळ लागला नाही, पण वस्तीतल्या बायकांनी आपल्या विहिरीच्या वाटेनं येणं बंद केलं होतं. अशात निवडणुकीची सभा आली, ती नेमकी आपल्या दारापुढच्या मोकळ्या जागेत. कार्यकर्ते सकाळी येऊन म्हणाले, काकू, गोधड्या काढा, दोर काढा. तू काढल्या नाहीस. साहेब बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांच्या डोक्यावर ओल्या गोधड्या वाऱ्यानं हलत होत्या, आणि माणसं हसू दाबत होती.

ते हसू त्यांना दिसलं असावं. तारेचं कुणी विचारायच्या आत ते म्हणाले, "तुमच्या लाईटीचं काम कधीच झालं असतं. पण हे नामांतरवाले रोज मोर्चे काढायलेत, कचेऱ्या बंद पाडायलेत. आता तुमीच सांगा, कुणामुळं अडलं?" सगळ्या माना एकदम वळल्या, सभेच्या कडेला वस्तीतली चार माणसं बसली होती तिकडं. क्षणभर मला वाटलं, आता इथंही पेटणार. तेव्हा वस्तीतली सुईण मावशी उठली. मी तिच्याच हातावर जन्मले, गावातली अर्धी लेकरं तिच्या हातावर जन्मली. ती दोन पावलं पुढं आली. म्हणाली, "नाव आमच्या काळजातलं हाय, साहेब. ते आमी मागणारच. पण तार काय आमच्या मोर्च्यात आली न्हाई."

कुणीतरी ओरडलं, "खाली बस!" आणि तू उभी राहिलीस. डोक्यावरचा पदर सावरलास आणि म्हणालीस, "ती खरं बोलायलीय. तार कुठं अडकली ते सांगा. जिम्मा कुणाचा हाय? त्याचं नाव सांगा, आमी जाऊन त्याला इचारतो."

साहेब तुझ्याशी बोललेच नाहीत. आबांकडं बघून मऊ आवाजात म्हणाले, "घरच्या माणसाला समजावा. पोरीचं काम व्हायचंय ना आपल्याला?"

त्या दुपारी आपल्या घरात कुणी जेवलं नाही. आबा भिंतीकडं तोंड करून बसले. मी तुला नाही नाही ते बोलले. तुझ्या तोंडापायी माझं आयुष्य गेलं, म्हणाले. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "शिकलीस तू. चिमणीच्या उजेडात डोळे फोडलेस तू. परीक्षा दिलीस तू. मग नोकरी देणारा त्यो कोण? त्याच्या घरची हाय का?" मी जास्तच रडले.

दुसऱ्या आठवड्यात तू तालुक्याला लाईटच्या ऑफिसात जायचं ठरवलंस. गावातल्या दहा-बारा बायका तयार होत्या. पण तू सुईण मावशीला सोबत घेतलंयस हे कळलं, आणि भावकीतल्या पुरुषांनी घरोघर दम भरला. सकाळी एसटीच्या फाट्यावर आलात तुम्ही चौघीच: तू, मावशी, तिची सून आणि कुंभाराची म्हातारी. त्या दिवशीचं मी नंतर मावशीकडून ऐकलं. तिथले इंजिनिअर आधी भेटेनात. तुम्ही दारात बसून राहिलात, भाकरीचं फडकं सोडून तिथंच जेवलात. ऑफिस सुटायच्या वेळी ते बाहेर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तार कधीच येऊन गेली, मावशी. वरून सांगणं आलं, अन् ती साहेबांच्या मेहुण्याच्या मळ्याकडं गेली. माझं नाव घेऊ नका." तू त्यांचं नाव कधी घेतलं नाहीस. पण बाकीचं मात्र एसटीत सांगितलंस, बाजारात सांगितलंस, पिठाच्या गिरणीत सांगितलंस. आवाज चढवायचा नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. आपलं दुखणं कुठं आहे ते वैद्याला सांगावं तसं. पुढच्या वेळी फाट्यावर चौघींच्या नऊजणी झाल्या. दम भरणाऱ्यांच्याही बायका त्यात होत्या.

दिवाळीआधी तार आली. बटण दाबायला साहेबच आले, हार घालून घेतला आणि म्हणाले, "मी शब्द दिला होता, उजेड दिला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनीही वाजवल्या. तू टाळी वाजवली नाहीस. शेजारणीला म्हणालीस, "दिला न्हाई. परत केला."

मी ही गोष्ट एवढ्यावर थांबवून कितीदा सांगितली आहे. ऐकणारे खूश होतात. पण ती तिथं थांबली नव्हती. तार गावात आली, वस्तीत आली नाही. आपल्या घरात बल्ब लागल्यावर फाट्यावरची गर्दी विरघळली. पुन्हा तुम्ही चौघी. मी तुला म्हणाले, आता आपलं झालंय की. तू चपला घालता घालता म्हणालीस, "आपलं झालं म्हणून काम संपलं का? मग त्याच्यात अन् आपल्यात फरक काय राह्यला?" वस्तीत दिवा लागायला पुढं वर्ष गेलं.

माझी नोकरीही अडायची तेवढी अडली. दोन वर्षांनी यादीत नाव लागून पालमकडच्या एका खेड्यात नेमणूक झाली, कुणाच्या शब्दाशिवाय. मी तुला पेढा दिला. तू तो अर्धा केलास, अर्धा मावशीला नेऊन दिलास आणि त्या दुपारचं माझं बोलणं एकदाही काढलं नाहीस. काढायला हवं होतंस. ते मला अजून टोचतं.

माय, आज आमच्या गल्लीत सभा होती. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. उमेदवार चांगला शिकलेला, गोड बोलणारा. आधीच्या वेळीही तोच निवडून आला होता. काय झालं कुणास ठाऊक, मी उभी राहिले. म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही पाण्याचं बोलला होतात. ते कुठं अडकलं, आणि आम्ही कुणाला विचारायचं?" तो म्हणाला, "फार चांगला प्रश्न, मॅडम," आणि दुसऱ्याच विषयावर बोलायला लागला. बागेतल्या माझ्या सोबत्यांनी नजरा वळवल्या. मी पुन्हा विचारलं. माईकचा आवाज मोठा केला गेला. मी उभीच राहिले, म्हणजे बसायचं कसं ते सुचेना. सभा संपल्यावर मागच्या घरातली नवी सून जवळ आली. लेकरू कडेवर होतं. म्हणाली, "काकू, उद्या महापालिकेत जाणार असाल तर मी येते. पण तुम्हाला भीती नाही वाटली का हो?"

मी म्हणाले, "नाही."

खोटं बोलले, माय. भीती वाटली होती. तू सभेत उठलीस तेव्हा तुला भ्या वाटलं का, हे मी तुला कधी विचारलंच नाही. तुला ते वाटतच नसावं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, आणि मला भीती वाटते म्हणून विचारणं माझं काम नव्हे, असं समजून बागेत मान हलवत आले.